खाऱ्या पाण्याचा हौद

"तुमच्या दारात अख्खं उजनी धरण आणि तू घरात काचेच्या पेटीत पाणी भरून ठेवलंयस?" धाकट्या मावशीचा हा प्रश्न मी गेल्या दीड-दोन वर्षांत निदान वीस वेळा ऐकलाय. त्यावर "आणि तेही खारं!" असं उत्तर दिलं की फोनवर थोडा वेळ शांतता पसरते. मग, "बरं, आबा कसे आहेत?"

तर मंडळी, सगळ्यांना एकदाच सविस्तर सांगून टाकतो. आबांची तब्येत उत्तम आहे. आणि त्या पेटीचा आणि आबांचा संबंध तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आहे.

सुरुवात लेकीपासून. तिने 'फाइंडिंग निमो' पाहिला. पिक्चर २००३ चा, म्हणजे तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा, पण मुलांना त्याचं काही नसतं. तिला तो केशरी-पांढरा मासा हवा होता. आता आमच्याकडे मासे म्हणजे चिलापी, कटला, मरळ, वाम. भिगवणच्या बाजारात टोपलीने मिळणारे. केशरी मासा तिला कुठून दाखवणार? पण माझ्याही मनात एक जुनी काच होती. शाळेची सहल मुंबईला गेली होती तेव्हा मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय करोनाच्या काळात बंद झालं. पण त्या अंधाऱ्या दालनात काचेला नाक लावून उभा राहिलेला सातवीतला मी अजून तसाच आठवतो. मागून सर ओरडत होते आणि मला हलवत नव्हतं.

म्हणून ठरवलं, करून बघू. पुण्याची नोकरी आता घरातूनच चालते. आई गेल्यापासून आम्ही इथेच, पळसदेवला, आबांजवळ राहतो. संध्याकाळी वेळ असतो. हौस अंगात होतीच, अक्कल तेवढी नव्हती.

दोन महिने नुसतं वाचलं. परदेशातले लोक घरात रंगीबेरंगी प्रवाळ वाढवतात, त्याला 'रीफ टँक' म्हणतात. चित्रं बघून जीव वेडा झाला. मग कळलं की आपल्याकडे हे एवढं सरळ नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही घातले. म्हणजे कागदावर वाघाच्या पंगतीत. एका दुकानदाराने "सर, घेऊन जा हो, कोण बघतंय पळसदेवात" असं म्हणून प्रवाळाचा तुकडा पुढे केला. पावती मागितली तर हसला. तेव्हाच ठरवलं, ज्याची पावती मिळत नाही ते घरात आणायचं नाही. आपल्या कोकणातही प्रवाळ आहेत हे मला या निमित्ताने कळलं. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाची 'आंग्रिया बँक' आहे, पाण्याखालचं मोठं पठार, त्यावर प्रवाळ. ते तिथेच बरे.

आमच्या टाकीत त्यामुळे सिरॅमिकचे बनवलेले सच्छिद्र दगड, शंखशिंपल्यांचा चुरा, चार गोगलगायी, दोन शंखातले खेकडे आणि मासे. याला रीफ म्हणावं का? जाणकार हसतील. हसू देत.

टाकी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. दगड वगैरे घातल्यावर साधारण ऐंशी लिटर पाणी मावतं. स्टँड गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. त्याने आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखा दणकट केला, मग म्हणाला, "मासं किती किलोचं हायेत?"

पाण्याचा पहिला धडा तिथेच मिळाला. आमच्या बोअरच्या पाण्यात मीटर बुडवला तर टीडीएस १४०० च्या वर. म्हणजे मीठ घालायच्या आधीच पाण्यात नको ते क्षार भरपूर. म्हणून आधी पाणी गाळून गाळून कोरं करायचं आणि मग त्यात समुद्राचं मीठ मोजून घालायचं. लिटरला ३५ ग्रॅम. हे मीठ म्हणजे जेवणातलं नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम सगळं समुद्राच्या प्रमाणात असतं. पहिल्या भरणीलाच पावणेतीन किलोच्या आसपास गेलं.

मिठाची बादली घरात आली तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. "काय हाय ह्यात?" मी सांगितलं. किंमतही सांगितली, ती चूक झाली. ते बराच वेळ बादलीकडे बघत राहिले.

"आमची हयात गेली रानातलं मीठ काढायला, आन् तू मीठ इकत आणतोस."

एवढंच बोलले आणि उठून गोठ्याकडे गेले.

हे वाक्य मला का लागलं ते सांगायला जरा मागे जावं लागेल. नातेवाइकांना माहीत आहे, इतरांसाठी सांगतो. जुनं पळसदेव भीमेच्या काठावर होतं. उजनी धरणाचं काम १९६९ ला सुरू झालं आणि १९८० मध्ये पूर्ण झालं. धरण भरत गेलं तसं गाव वर सरकलं. घर, गावठाण, नदीकाठची काळी जमीन, पळसनाथाचं जुनं देऊळ, सगळं पाण्याखाली गेलं. आबा तेव्हा विशी-बाविशीतले. नव्या गावात आल्यावर काही वर्षांनी पाणलोटात मोटर टाकली, पाइपलाइन केली आणि माळाला ऊस आला. ज्या पाण्याने घर नेलं त्याच पाण्याने आमची शिक्षणं केली, हे खरं आहे. पण खालच्या दीड एकराला पाणी जास्त झालं. निचरा नाही, वरून उसाला पाट. आधी ऊस पिवळा पडायला लागला, मग जमिनीवर पांढरी खार फुटली. आता तिथे धड गवतही येत नाही. आपल्या इंदापूर-बारामती पट्ट्याला हे दुखणं नवं नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ पासून खेळायला लागलं, त्या भागात खारवट-चोपण जमिनी आमच्या आजोबांच्याही आधीपासून लोक बघत आलेत.

तर २०२१ साली मी गावाकडे राहायला आलो आणि उत्साहाच्या भरात माती तपासून आणली. रिपोर्ट हातात घेऊन, घरात चार पाहुणे बसलेले असताना, मी आबांना म्हणालो, "पाणी फुकट होतं म्हणून ओतत राहिलात. जमीन तुम्हीच घालवलीत."

ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून खालच्या रानाचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

असो. टाकीकडे येऊ.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाणी भरलं की लगेच मासे सोडता येत नाहीत. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विष. त्याचा बंदोबस्त करणारे जिवाणू आधी दगडांत वस्तीला यावे लागतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट. नायट्राइटही घातक, नायट्रेट त्या मानाने सौम्य. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. जिवाणूंना खायला काहीतरी कुजवावं लागतं. पुस्तकी सल्ला कोळंबीचा. पळसदेवात समुद्री कोळंबी कुठली? मी चिलापीचा तुकडा जाळीच्या पुरचुंडीत बांधून सोडला. चार दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, हे शास्त्र अंगणात नाही का करता येणार?"

जानेवारी ते मार्च २०२४ आमच्याकडे दगड आणि पाणी असलेली एक उजेडाची पेटी होती. गावातली माणसं बघायला येत. "मासं कुठंयत?" "यायचेत अजून." "मग हे काय चाललंय?" "पाणी तयार होतंय." लोक माझ्याकडे नीट बघून चहा न घेता जात. मी रोज छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचो आणि रंग बघायचो. अमोनिया चढला, उतरला. नायट्राइट चढलं, ते उतरेचना. सहाव्या आठवड्यात एक दिवस दोन्ही शून्य. मी घरात नाचलो आणि कुणालाच काही कळलं नाही.

आबा मात्र एकदा हळूच म्हणाले, "युरियाचं बी असंच हाय म्हणत्यात. टाकल्याबरुबर पिकाला लागत न्हाई. जमिनीत पचावा लागतो." बरोबर तेच! शेतातल्या मातीतही असेच जिवाणू हेच काम करतात. मला हे समजायला दोन महिन्यांचं वाचन लागलं होतं.

एप्रिलमध्ये पुण्याहून जोकर माशांची जोडी आणली. समुद्रातून पकडलेली नव्हे, पैदास केलेली. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचं तंत्र बसवलंय, हे वाचून बरं वाटलं होतं. सोलापूर रस्त्याने शंभरावर किलोमीटर लेक मांडीवर पिशवी घेऊन बसली, खड्डा आला की पिशवीला "सॉरी" म्हणत. घरी आल्यावर तासभर थेंब थेंब टाकीचं पाणी पिशवीत मिसळलं, मग सोडले. हे मासे सगळे नर म्हणूनच जन्मतात आणि जोडीतला मोठा मादी होतो, हे मी जेवताना सांगितलं. आबा म्हणाले, "जेव गप."

मग आला मे. २०२४ चा मे ज्यांनी इकडे काढला त्यांना वर्णन नको. टाकीचं तापमान २६ च्या आसपास हवं, ते ३१ ला गेलं. पाणी गार करायचं यंत्र परवडण्यातलं नव्हतं. त्यावर सोपा उपाय असा की झाकण काढून पाण्यावर पंखा लावायचा. माठ जसा गार होतो तसंच. तापमान दोन-तीन अंशांनी उतरलं. पण रोज दोन लिटर पाणी उडायला लागलं. मी मोठ्या तत्परतेने रोज दोन लिटर भरून काढायचो. कोपऱ्यातल्या ड्रममध्ये मिसळून ठेवलेलं खारं पाणी होतंच. खाऱ्या टाकीत खारं पाणी टाकायचं, यात चुकण्यासारखं काय आहे?

पाचव्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागले. म्हटलं, उन्हाचा त्रास. पंखा वाढवला. सहाव्या दिवशी सकाळी दोन गोगलगायी उलट्या पडलेल्या आणि धाकटा मासा तळाशी आडवा. कल्ले हलत होते, पण थोडेच.

लेक रडत होती, मी अमोनियाची नळी हलवत होतो. अमोनिया शून्य. तेवढ्यात आबा आत आले. ते टाकीजवळ कधी येत नसत. वाकून त्यांनी काचेच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बोटावर पांढरी पूड होती.

"ही बघ. खालच्या रानात फुटती तसली."

मी बघत राहिलो.

"रोज पाणी टाकतोस न्हवं? कसलं टाकतोस?"

"खारंच. टाकीतलं आहे तसलं."

"आन् उडून जातंय ते?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"पानी उडतं, मीठ ऱ्हातं," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, जिंकल्याचा सूरही नव्हता. "मलाबी कळाया लई वर्सं गेली."

खारटपणा मोजायचं यंत्र काढलं. ३५ हवा तो ४० झाला होता. हिशोब सोपा होता. दिवसाला दोन लिटर, लिटरला ३५ ग्रॅम, सहा दिवस. म्हणजे ४२० ग्रॅम मीठ मी स्वतःच्या हाताने त्या ऐंशी लिटरमध्ये ओतलं होतं, पाणी कमी पडू नये म्हणून. उडालेल्या पाण्याच्या जागी कोरं गोडं पाणी टाकायचं असतं. हे पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. मी पहिलं पान वाचून पुढे गेलो होतो.

"आता काय करायचं?" मी विचारलं. आबांना असं शेवटचं कधी विचारलं होतं, आठवत नाही.

"रानात काय करत्यात? वरनं गोडं पाणी द्यायचं, खालनं निचरा काढायचा. नुस्तं वरनं दिऊन उपेग न्हाई."

तसंच केलं. फक्त हळू केलं, कारण पाणी एकदम बदललं तर मासा त्यानेही मरतो. थोडं खारं काढायचं, थोडं गोडं घालायचं, दिवसाला एखाद-दुसऱ्या अंशाने खाली. चार दिवस लागले. धाकटा मासा पहिल्याच रात्री गेला. लेकीने त्याला लिंबाखाली पुरलं. मोठा वाचला.

पाणी काढायला आणि घालायला चारही दिवस आबा बरोबर होते. ते मग धरत, मी नळी. त्यात कधीतरी मी म्हणालो, "आबा, त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी बोललो ते..." ते म्हणाले, "नळी बघ, सांडतंय."

त्याच उन्हाळ्यात उजनीचं पाणी खूप खाली गेलं आणि जुनं पळसनाथाचं देऊळ पूर्ण उघडं पडलं. पेपरात फोटो आले, गाड्या भरून लोक आले. आबा आधी कधी अशा वेळी गेले नव्हते. या वेळी स्वतःहून म्हणाले, "चल, पोरीला दाखवू." भेगाळलेल्या गाळातून आम्ही तिघं चालत गेलो. काळं दगडी देऊळ, वर विटांचं शिखर, आवारात वीरगळ. इतकी वर्षं पाण्यात राहूनही उभं. लोक फोटो काढत होते. आबा देवळाला हात जोडून पुढे गेले आणि एका सपाट जागी थांबले. "हितं व्हतं आपलं दार," म्हणाले. तिथे काही नव्हतं. ते थोडा वेळ तिथे उभे राहिले, आम्हीही राहिलो. लेकीने गाळातून गोगलगायीचा एक रिकामा शंख उचलला. आबांना विचारून घरी आणला.

शंख उकळून, वाळवून टाकीत ठेवला. शंखातल्या खेकड्याला स्वतःचा शंख नसतो, तो मोठा होत जातो तशी रिकामी घरं शोधतो. दहा-बारा दिवसांनी सकाळी बघतो तर मोठा खेकडा जुनं बिऱ्हाड सोडून जुन्या पळसदेवच्या शंखात शिरलेला. लेकीने आबांना ओढत आणलं. ते चष्मा लावून बघत राहिले आणि हसून म्हणाले, "घ्या! ह्यो तर उलटा निघाला. आमाला गावातनं बाहीर काढलं, ह्यो आमच्या गावात ऱ्हायाला आला."

ऑगस्टमध्ये उजनी पुन्हा भरलं. देऊळ पाण्यात गेलं.

त्या वर्षी समुद्रातही वाईट चाललं होतं. एप्रिल २०२४ मध्ये जगभर प्रवाळ पांढरे पडत असल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, आपल्या लक्षद्वीपलाही मोठा फटका बसला. समुद्र तापला की प्रवाळ आपल्या अंगातलं रंगीत शेवाळ बाहेर टाकतो, आणि पाणी लवकर निवलं नाही तर मरतो. पूर्वी ती बातमी मी वाचून पान उलटलं असतं. ऐंशी लिटर पाण्याचे पाच अंश सांभाळताना झालेली धावपळ आठवली आणि पान उलटवेना. समुद्रावर पंखा कोण लावणार?

आता टाकी स्थिर आहे. मोठ्या माशाला जोडीदार आणला, भांडून भांडून जमलं. दगडावर एक गुलाबी डाग दिसायला लागलाय, चुना धरणारं समुद्री शेवाळ. बहुतेक गोगलगायीच्या पाठीवरून आलं असावं. मी मुद्दाम काही केलेलं नाही. रोज संध्याकाळी गोडं पाणी आबा घालतात, काचेवर लावलेल्या पट्टीच्या खुणेपर्यंत. दिवे गेले तर हवेचा पंप बॅटरीवर चालतो, तोही तेच बघतात. मी पुण्याला गेलो की फोनवर आधी टाकीचा अहवाल येतो, मग घरचा.

आणि खालचं रान. गेल्या हिवाळ्यात आबांनीच विषय काढला. दीड एकराच्या कडेने खोल चर काढला, जिप्सम टाकलं, पावसाळ्यात धैंचा पेरला. अर्ध्या रानात गुडघाभर आला, अर्ध्यात उगवलाच नाही. मी हिरमुसलो तर म्हणाले, "तुझ्या टाकीत मासं यायला किती दिस लागलं? हे तर रान हाय."

सुट्टीत या सगळे. टाकी बघा, चिलापीचं कालवण खा. फक्त काचेत हात घालू नका, आणि "पाणी कमी झालंय वाटतं" म्हणून तांब्याने भरायला जाऊ नका. ते काम आबांचं आहे.